मेमरीवर हुकूम कोणाचा?

जुना लॅपटॉप हाती आला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, "रॅम साफ कर." माझ्या भाच्याने परवा तेच केले. कॅश रिकामी झाली, आकडा खाली आला, आणि प्रोग्रॅम आधीपेक्षाही उशिरा उघडू लागले. तो वैतागला, "मामू, मशीन माझं, मग मेमरीवर हुकूम कोणाचा?" प्रश्न पोरकट नाही. त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीच्या संगणकांवर हा हुकूम प्रोग्रॅमरचा होता. मुख्य मेमरी तुटपुंजी. कोणता तुकडा ड्रमवरून आत आणायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा, हे त्यालाच लिहून ठेवावे लागे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात अ‍ॅटलस संगणक सुरू झाला आणि हे ओझे यंत्राने उचलले. ५१२ शब्दांचे एक 'पान' धरून, कोणते पान बाहेर काढायचे हे मागच्या वापरावरून यंत्रच ठरवू लागले. सोय झाली, पण निर्णय हातातून गेला. यंत्राचा अंदाजही चुकतो. गरजेची पाने मेमरीत मावली नाहीत, तर यंत्र नुसती ने-आण करत बसते आणि काम जागेवरच राहते. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी या दुखण्याची नीट मांडणी केली.

घरगुती संगणकावर हा हुकूम काही काळ परत आला. डॉसमध्ये बफर किती ठेवायचे हे आपणच एका ओळीत लिहीत असू. स्मार्टड्राइव्ह नावाची कॅश हवी तर चालवावी, नको तर नाही. पण ही कॅश लिहिलेला मजकूर क्षणभर मेमरीत धरून ठेवी, आणि तेवढ्यात वीज गेली तर तो जाई. म्हणून १९९३ च्या डॉस ६.२ मध्ये बदल झाला: मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय प्रॉम्प्ट परत येत नसे. अमानत पोचती झाल्यावरच पावती, असा हा साधा न्याय.

२००१ साली विंडोज एक्सपीने पुढचे पाऊल टाकले. प्रोग्रॅम उघडताना पहिल्या काही सेकंदांत काय काय लागते, याची नोंद ठेवून पुढच्या वेळी ते आधीच आणायचे. व्हिस्टाच्या सुपरफेचने तर आपल्या सवयी शिकून, आपण मागण्याआधीच प्रोग्रॅम मेमरीत भरायला सुरुवात केली. लिनक्ससाठी असेच काम करणारा 'प्रीलोड' २००५ मध्ये इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद एस्फाहबोद यांनी लिहिला. फरक एवढाच की तो वेगळा बसवायचा आणि नको तर काढून टाकायचा. २००६ पासून लिनक्समध्ये कॅश रिकामी करण्याची आज्ञाही आहे. पण ती मुख्यतः चाचणीसाठी, रोज वेग वाढवण्यासाठी नव्हे.

भाच्याची चूक इथेच होती. कॅशने व्यापलेली मेमरी वाया गेलेली नसते. गरज पडताच प्रणाली ती मोकळी करते. उलट रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच कामाची नाही.

पण त्याचा प्रश्न तरी खराच. एक्सपीच्या त्या नोंदींत प्रोग्रॅम किती वेळा चालला आणि शेवटचा कधी, हेही राहते. वेगासाठी लिहिलेली ही वही पुढे गुन्ह्यांच्या तपासात पुरावा म्हणून वाचली जाऊ लागली. यंत्र आपल्याला आठवते, आणि ती आठवण दुसऱ्यालाही वाचता येते. संशयाच्या नजरेखाली जगणाऱ्या समाजाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून मी भाच्याला म्हणालो, "बेटा, रोज झाडू मारणं म्हणजे मालकी नव्हे. यंत्र आपल्याबद्दल काय लिहून ठेवतं ते दिसलं पाहिजे, कळलं पाहिजे, आणि 'नको' म्हणायची सोय पाहिजे. मालकी ती." कॅश त्याने पुन्हा भरू दिली. नोंदींचा फोल्डर मात्र आम्ही दोघांनी मिळून उघडून पाहिला.