तारापूरचे इंधन आणि घरातील वीजनियंत्रण

बोईसरनजीकचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. १९६३ च्या करारानुसार त्याचे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून येत असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा अडखळला. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला. पुरवठादार बदलला, परावलंबन मात्र संपले नाही.

आज घरातील स्मार्ट प्लगसंदर्भात हाच प्रश्न उद्भवतो. त्याचे नियंत्रण कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरवर अवलंबून असल्यास, सेवा बंद होताच मालकी नाममात्र उरते. कंपनी बदलणे हा त्यावरील उपाय नव्हे. ‘टास्मोटा’सारखे मुक्तस्रोत फर्मवेअर, म्हणजे उपकरणातील सर्वांना तपासता येणारी आज्ञावली, घरच्या वाय-फायवरूनच नियंत्रण शक्य करते. ते बसविण्यास तांत्रिक जाण लागते. ती समाजात रुजविणे हे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.