बॉयलर फुटला म्हणे

२३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. पहिल्या तासाभरात सगळीकडे एकच बातमी फिरत होती: बॉयलर फुटला. त्याआधी २६ मे २०१६ ला डोंबिवलीतलीच प्रोबेस एन्टरप्रायझेस उडाली, बारा माणसं गेली, अर्ध्या डोंबिवलीच्या काचा फुटल्या, तेव्हाही आधी बॉयलरचंच नाव आलं. पुढे चौकशीत निघालं प्रोपार्जिल क्लोराइड नावाचं रसायन. अमुदानमध्ये निघालं रसायनं शिजवायचं भांडं, म्हणजे रिअ‍ॅक्टर. माझी उमेदीची वर्षं बॉयलरवर आणि पुढची सेफ्टी ऑफिसर म्हणून रिअ‍ॅक्टरांच्या आसपास गेली, त्यामुळे ही बातमी कानावर आली की डोकं फिरतं. बॉयलरची बाजू घ्यायला कुणी नाही म्हणून मी घेतो.

बॉयलरला शिस्त लागली ती माणसं मेल्यावरच. १८६३ साली कलकत्त्यात मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले, आणि १९२३ साली सगळ्या देशाला मिळून एक. त्या कायद्याने २२.७५ लिटरच्या, म्हणजे पाच गॅलनच्या वरचं वाफेचं बंद भांडं सरकारच्या नजरेखाली आणलं. एवढं पाणी आमच्या घरच्या बंबात मावायचं. दरवर्षी इन्स्पेक्टर येणार, बॉयलर थंड करून उघडून दाखवायचा, पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची, तेव्हा पुढच्या वर्षाचं सर्टिफिकेट. आणि मुख्य म्हणजे जो माणूस तो चालवतो, त्याच्याकडेही सर्टिफिकेट हवं. सेकंड क्लास अटेंडंट, मग फर्स्ट क्लास.

आमच्याकडे हा सगळा कारभार ठाकुर्लीने पाहिला. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, कल्याणपर्यंत ती पोचली १८५४ च्या मे महिन्यात. पण तो वाफेच्या इंजिनांचा काळ. पुढे जीआयपी रेल्वेने पुणे आणि इगतपुरीच्या बाजूला विजेवर गाड्या न्यायचं ठरवलं आणि उल्हास नदीच्या काठी, ठाकुर्लीच्या चोळेगावाला १९२९ साली स्वतःचं वीजघर उभं केलं. लोक त्याला चोळा पॉवर हाऊसच म्हणत. माझे वडील तिथे होते. घरी आले की आधी खाकी शर्टावरची कोळशाची पूड अंगणात झटकायचे, मग आत. आई त्यावरून रोज बोलायची आणि ते रोज झटकायचे.

अटेंडंटच्या तोंडी परीक्षेतला एक प्रश्न त्यांनी मला मी शाळेत असतानाच घातला होता. पुढे मलाही तो परीक्षेत आला. बॉयलरच्या तोंडावर काचेची नळी असते, गेज ग्लास. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. समज, तू पाळीवर आलास आणि काचेत पाणीच दिसत नाही. काय करशील? कुणीही म्हणेल, पंप चालू करून पाणी सोडेन. नापास. नळ्या उघड्या पडून तापलेल्या असतात, त्यांच्यावर पाणी पडलं की एकदम वाफ होते आणि मग खरोखरच बॉयलर फुटतो. आग ओढायची, दम धरायचा, थंड होऊ द्यायचा. माणूस चुकला तर म्हणून भट्टीच्या माथ्यावर फ्युजिबल प्लग बसवलेला असतो: पाणी खाली गेलं की त्यातला मऊ धातू वितळतो आणि बॉयलर स्वतःच वाफ सोडून विस्तवाला विझवू पाहतो. पण भरवसा प्लगवर ठेवायचा नाही, हे इन्स्पेक्टर बजावून सांगायचे.

आता रिअ‍ॅक्टरकडे येतो. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली आणि तिथे इंजिनीअरिंगचा माल निघू लागला. डोंबिवलीत रंग आणि औषधांचा कच्चा माल. एकेक कंपनी म्हणजे शेड, एक-दोन रिअ‍ॅक्टर, पन्नासएक माणसं. रिअ‍ॅक्टर चालवायला शिकवणी कसली? हेल्पर म्हणून ड्रम ओढणारा मुलगा दोन-चार वर्षांत ऑपरेटर होतो. पाच हजार लिटरचं भांडं त्याच्या हातात. दाबाखालच्या भांड्याची तपासणी कारखाने कायद्याच्या कलम ३१ खाली व्हायची. माणसाची होत नाही.

रिअ‍ॅक्टरलाही गेज ग्लाससारखाच एक प्रश्न आहे. उष्णता देणारी रिअ‍ॅक्शन चालू आहे, वरून एक रसायन थेंब थेंब पडतंय, आणि ढवळणारी मोटर बंद पडली. दहा मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. आता? कुणीही म्हणेल, मोटर चालू कर. तेवढ्या वेळात वरून पडलेला माल न मिसळता साचून राहिलेला असतो; ढवळणं सुरू झालं की तो सगळा एकदम पेटून उठतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंश चढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग दुपटीवर जातो, पण भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी काही त्या पटीत उष्णता ओढत नाही. आधी वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाणी चालू ठेवायचं, केमिस्टला उठवायचं. हे उत्तर देणारे ऑपरेटर मला भेटले. त्यांना ते कुणा जुन्या केमिस्टने सांगितलेलं होतं, परीक्षेने नाही.

सेफ्टी ऑफिसर हा माणूस कारखाने कायद्यात आला १९७६ च्या दुरुस्तीने, कलम ४०-ब. अट होती: हजार किंवा त्याहून जास्त कामगार. धोका आहे असं राज्याला वाटलं तर हजाराखालीही नेमायला लावता यायचा, पण सवय पडली ती डोकी मोजायची. कापडगिरण्या डोळ्यांसमोर ठेवून घातलेली अट असावी. भरपूर मशिनं, भरपूर हात, म्हणून भरपूर अपघात. अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी मी केला सायनला, मानकीकर मार्गावरच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे पट्ट्यांना जाळ्या कशा बसवायच्या याचं प्रदर्शन आहे, फार चांगलं. हॅझॉपही तिथेच पहिल्यांदा नीट समजलं: नकाशावरच्या प्रत्येक पाइपला विचारायचं, इथे प्रवाह थांबला तर, उलटा फिरला तर, जास्त झाला तर. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत साठच्या दशकात निघालेली ही पद्धत. ती नीट करायला चार-पाच जाणकार आणि बरेच दिवस लागतात. डोंबिवलीत ती बऱ्याचदा एकटा कन्सल्टंट एका संध्याकाळी करतो. फाइल जाड होते.

१९८४ ला भोपाळ झालं आणि १९८७ ला कायद्यात घातक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं: सेफ्टी कमिटी, आपत्कालीन आराखडा, अनुभवी माणसाची देखरेख. देखरेख करणारा शिकलेला हवा, असं तो कायदा म्हणायचा. पण रात्रपाळीला तीन वाजता व्हॉल्व्हवर ज्याचा हात असतो, त्याने काय शिकलेलं हवं, ते नाही. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेने सेफ्टी ऑफिसरसाठीच्या हजाराचे पाचशे केले, घातक प्रक्रियेसाठी अडीचशे. एमआयडीसीतल्या बहुतेक केमिकल कंपन्यांचा हजेरीपट तिथवरही जात नाही.

कारखाने हलवा, ही मागणी दर स्फोटानंतर होते. हलवा खुशाल. ऑपरेटर तेच जाणार. त्यांची बॉयलर अटेंडंटसारखी परीक्षा कल्याणलाच घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. आणि ती तोंडी घ्या, त्यांच्या भाषेत, मराठीत नाहीतर हिंदीत, खऱ्या रिअ‍ॅक्टरसमोर उभं करून. लेखी घेतली तर पेपर कंत्राटदाराचा कारकून लिहून देईल.