संपानंतरचे तास

जठारपेठेत वाढलेल्या आमच्या पिढीने ‘54 दिवसांचा संप’ पाहिला नाही. तो घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला. 14 डिसेंबर 1977 रोजी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा हा संप सुरू झाला. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा, ही त्यातली प्रमुख मागणी होती. शिक्षकही त्यात उतरले. चळवळीच्या इतिहासात या संपाला मानाचे पान आहे. संप मिटल्यावर वर्गात काय झाले, याची नोंद मात्र त्या पानावर सहसा आढळत नाही.

शाळा पूर्ववत भरू लागल्या तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. दिवाळीनंतरच्या सत्राचा गाभाच निघून गेलेला. असे बुडालेले दिवस सुट्टीत भरून काढावेत, हे म्हणणे वऱ्हाडाबाहेर कदाचित शोभेल. येथे उन्हाळा लागला की शाळा सकाळच्या होतात, तासिका आखडतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. म्हणून तर विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा मे महिना ही आपली शिल्लक नव्हेच. हाती उरतात शनिवारची दुपार, रविवार, खेळाचा तास, चित्रकलेचा तास आणि मराठीचा तास. ‘मातृभाषाच ना, मुले घरी वाचतील,’ हे वाक्य ज्याने शिक्षककक्षात ऐकले नाही असा मराठीचा शिक्षक विरळाच. गणिताला तास उसना द्यायचा तो आपणच, आणि तो परत मागण्याची रीत नाही.

हे लिहिताना मी तटस्थ नाही, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी ते मे 2013 या काळात राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात मीही होतो. वेतनाची थकबाकी आणि नेट-सेटचा प्रश्न या मागण्या मला तेव्हा न्याय्य वाटत होत्या, आजही वाटतात. अध्यापन आम्ही थांबवले नव्हते, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. पण शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रोज दाराशी येऊन निकाल कधी लागेल एवढेच विचारी. तिला थकबाकीचा इतिहास काय सांगणार?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हिशेब नेमका करून ठेवला आहे : पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस व 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस व 1000 तास. जुन्या निवृत्तिवेतनासाठी 14 ते 20 मार्च 2023 या काळात संप झाला. मधला रविवार वगळता सहा दिवस गेले. सहावीच्या वर्गाचे म्हणाल तर साधारण सत्तावीस तास. आकडा लहान आहे, दोन-तीन रविवार आणि काही जादा तासांत कागदावर बसतोही.

माझे एक शिक्षक स्नेही त्या संपात होते. संपानंतरच्या एका रविवारी सकाळी त्यांनी सहावीला लागोपाठ तीन कविता शिकवल्या. शब्दार्थ झाले, प्रश्नोत्तरे फळ्यावरून वह्यांत उतरली, तारीख टाकून सह्या झाल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘सर, चाल?’ घंटा झाली होती.