परळचा उंदीर आणि प्लेग

परळ-भोईवाड्याजवळची हाफकिन संस्थेची वास्तु एकेकाळीं गव्हर्नराचें निवासस्थान होती. १८९९ सालीं तेथें प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली. प्राण्याची परिस्थितीशीं सांगड कशी जुळते, हें या प्रयोगशाळेच्या इतिहासावरून उत्तम कळतें. आणि तें शिकविणारा प्राणी म्हणजे घरांतला सामान्य उंदीर.

त्याची शरीररचनाच मानवी वस्तीला साजेशी आहे. तोल सांवरणारी लांब शेपटी, अंधारांत वाट दाखविणाऱ्या मिशा आणि झिजले तरी वाढत राहणारे दांत यांच्या जोरावर तो तुळया, कौलें आणि धान्याच्या वखारी यांत सुखानें नांदतो. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला. सांथींत आधीं उंदीर मरत, मागोमाग माणसें.

दोहोंमधील दुवा पिसू. १८९८ सालीं कराचींत सीमों या फ्रेंच डॉक्टरानें तो प्रथम दाखविला. १९०५ पासून प्लेग कमिशननें परळच्या प्रयोगशाळेंत तो सिद्ध केला. दूषित जागेंत जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मरत, दोन फूट उंच टांगलेले बहुधा वांचत. कारण पिसवेची उडी फार तर चार-पांच इंच. चपट्या अंगामुळें ती केसांतून सहज सरकते, आणि उंदराचें शरीर थंड पडलें कीं दुसरें ऊबदार अंग शोधते. तिला जगविणारी ही संवयच माणसाच्या जिवावर बेतली.

खरें नवल मात्र पुढेंच आहे. मुंबईंत सांथ वर्षानुवर्षें चालली. पुढें निरनिराळ्या शहरांतील उंदरांना प्लेगचे जंतु टोंचून पाहिले, तेव्हां ज्या मद्रासला सांथीचा फारसा स्पर्श झाला नव्हता तेथील उंदीर बहुतेक मेले. मुंबईचे पुष्कळसे जगले. मुंबईच्या उंदरांनीं कांहीं विद्या संपादन केली होती काय? मुळींच नाहीं. ज्यांच्या अंगीं जन्मतःच प्रतिकारशक्ति अधिक, ते प्रत्येक सांथींत मागें उरले व त्यांचीच संतति वाढली. उंदराची मादी थोड्याच महिन्यांत वयांत येऊन वर्षाकाठीं अनेकदां विते. त्यामुळें माणसाच्या एका पिढीच्या अवधींत उंदरांच्या कितीतरी पिढ्या मृत्यूच्या चाळणींतून जातात. डार्विननें सांगितलेली निसर्गाची निवड ती हीच.

मनुष्याला हा मार्ग परवडणारा नव्हता. त्याच्या पिढ्या संथ, आणि चाळणींतून गळणारा प्रत्येक जीव कुणाचा तरी बाप, कुणाची तरी लेक. म्हणूनच भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत तयार केलेली लस हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लशीनें सांथ थांबली नाहीं. परंतु टोंचून घेतलेल्यांतील मृत्यु पुष्कळ कमी झाले. उंदरांना जें संरक्षण असंख्य मरणांनंतर लाभलें, त्यासाठीं माणसाला पिढ्यांची वाट पाहावी लागली नाहीं.