कापसाचा खटला : नियम जिंकला, मग हरले कोण?

१/ इ.स. २००१-०२. जागतिक बाजारात कापसाचे भाव तीन दशकांतील नीचांकाजवळ घसरले होते. भाव पडले की पेरा घटतो, हा बाजाराचा साधा नियम. अमेरिकेत मात्र २००१ साली कापसाचे विक्रमी पीक आले. तेथील सुमारे २५ हजार उत्पादकांची तूट सरकारी तिजोरी भरून काढत होती. 🧵

२/ जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात अशा अनुदानांना एक कवच होते : ‘शांतता कलम’. १९९२ची पातळी न ओलांडणाऱ्या अनुदानांना २००३ अखेरपर्यंत आव्हान देता येत नसे.

३/ सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने नेमके येथेच बोट ठेवले. अमेरिकेने ती पातळी ओलांडली असल्याने कवच गळून पडले आहे, आणि या अनुदानांमुळे जागतिक भाव दबले आहेत, असा त्याचा दावा होता. बेनिन आणि चाड हे त्रयस्थ पक्ष म्हणून खटल्यात उतरले.

४/ २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी अनुदाने बंद करण्याची व तोवर नुकसानभरपाईची मागणी केली. कानकून परिषदेच्या मसुद्याने उलट कापसावर विसंबलेल्या देशांनाच इतर पर्यायांकडे वळण्याचे सुचवले. परिषद निष्फळ ठरली.

५/ २००४ चा निकाल आणि २००५ चा अपिलाचा निकाल, दोन्ही ब्राझीलच्या बाजूने लागले. अमेरिकेने २००६ मध्ये गिरण्या व निर्यातदारांना दिले जाणारे अनुदान थांबवले. शेतकऱ्यांना भावाशी निगडित मिळणारी मुख्य अनुदाने चालूच राहिली.

६/ या संघटनेपाशी निकाल बजावणारा शिपाई नाही. जिंकलेल्या देशाने स्वतःच प्रत्युत्तर द्यायचे असते. २००९ मध्ये लवादाने ब्राझीलला तशी मुभा दिली. गहू, मोटारी यांवर वाढीव आयातशुल्क आणि त्यापुढे पेटंटवरही घाला, अशी तयारी ब्राझीलने केली.

७/ अमेरिका नमली, पण वेगळ्याच रीतीने. २०१० पासून ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे तिने मान्य केले. आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान टिकावे म्हणून अमेरिकी करदाता आता ब्राझीललाही पैसे मोजू लागला! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटला.

८/ आफ्रिकेतील त्या चार देशांना मागितलेली भरपाई मिळाली नाही. मालीने अमेरिकी मालावर शुल्क वाढवले, तर वॉशिंग्टनला त्याची झळ लागत नाही. महागाई मालीतच होते. नियम सर्वांना एकच होता. तो बजावण्याचे बळ मात्र बाजारपेठेच्या आकारावर ठरत होते.