गोदावरीपलीकडचा रुपया

परकीय चलन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें समुद्र, जहाज आणि पौंड-डॉलर उभे राहतात. परंतु अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांतील, माणसाला परक्या नाण्याची गांठ पडण्यासाठीं समुद्र ओलांडण्याची मुळींच गरज नव्हती. शेवगांव तालुक्यांतून गोदावरी उतरून नाथषष्ठीला पैठणास जावें, किंवा टोक्यास नदी ओलांडून औरंगाबादेची वाट धरावी, एवढ्यानेंच तो मोगलाईंत, म्हणजे निजामाच्या राज्यांत, शिरत असे. आणि तेथील रुपया निराळा होता. अलीकडे कलदार, पलीकडे हाली सिक्का. लढाया व तह ह्यांच्या इतिहासांत ह्या गोष्टीला जागा मिळत नाहीं. पण सामान्य कुटुंबाच्या कनवटीचा इतिहास पाहावयाचा असेल तर तिच्याकडे लक्ष दिलेंच पाहिजे.

नाण्यांची अनेकता ही आपल्या देशांत नवी नव्हे. पेशवाईंत अंकुशी, चांदोरी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये एकाच बाजारांत फिरत. प्रत्येकाचें वजन वेगळें, कस वेगळा, झीज वेगळी. तो फरक सराफ बट्ट्याच्या रूपानें वसूल करी. आणि दूरच्या प्रवासास रोकडीऐवजीं हुंडी नेणें हाच शहाणपणाचा मार्ग समजला जाई. इंग्रजी अमलांत १८३५ सालीं एकसारखा रुपया निघाला, आणि हळूहळू ही विविधता मावळली. निजामाच्या राज्यानें मात्र स्वतःचें नाणें पाडण्याचा अधिकार सोडला नाहीं. पुढें १९१८ पासून त्याच्या स्वतंत्र नोटाही चालूं लागल्या. त्यामुळें नगर जिल्ह्याची पूर्वेकडील सीमा ही दोन राज्यांची होती तशीच दोन चलनांचीही राहिली.

आतां ह्या दोन रुपयांचा हिशेब पाहूं. कलदार म्हणजे कळेनें, यंत्रानें, पाडलेला रुपया. पुढें निजामाचीं नाणींही यंत्रावरच पडूं लागलीं, तरी तें नांव इंग्रजी रुपयाकडेच राहिलें. त्याचें वजन १८० ग्रेन व त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हाली रुपया १७२॥ ग्रेनांचा, पण त्यांत हजारीं ८१८ भागच चांदी, म्हणजे सुमारें १४१ ग्रेन. केवळ चांदीच्या हिशेबानें १०० कलदारांस सुमारें ११७ हाली यावेत. आणि विसाव्या शतकांतील रूढ दर ११६ रुपये १० आणे ८ पै असा होता, तो ह्याला जवळजवळ जुळतोच. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर सहा कलदार बरोबर सात हाली.

हें सूत्र ज्याला पाठ, तो निम्मा सुरक्षित. यात्रेकरूनें बारा कलदार सराफापुढें ठेवले, तर त्याच्या हातांत चौदा हाली पडावयास हवेत. साडेतेरा पडले तर अर्धा रुपया बट्ट्यांत गेला, हें त्याला तेथल्या तेथें कळलें पाहिजे. परंतु ज्याला त्रैराशिक येत नाहीं त्याला बाराचे साडेतेरा झाले हाच लाभ वाटण्याचा संभव! मग नाणीं घ्यावींत केव्हां? यात्रेच्या दिवशीं सर्वांनाच हालीची निकड असते, आणि निकडीच्या वेळीं बट्टा वाढतो. म्हणून आधींच निवांतपणें दर विचारून बदल करणें बरें. घ्यावींत किती? कमी घेतलीं तर परमुलखांत अडचण. जास्त घेतलीं तर उरलेल्या नाण्यांचे परतीच्या वाटेवर पुन्हां कलदार करावयाचे, म्हणजे एकाच रकमेवर दोनदां बट्टा. सीमेवरील देण्याघेण्याच्या कागदांत ‘रुपये शंभर’ एवढें लिहून भागण्यासारखें नव्हतें. कलदार कीं हाली, ह्या एका शब्दावर सोळा-सतरा रुपयांचा फरक पडत होता.

ह्या घरगुती हिशेबाला राजकारणाची धग लागली ती १९४७ च्या अखेरीस. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हिंदुस्थान सरकार व निजाम ह्यांच्यामध्यें जैसे थे करार झाला. आणि त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारनें वटहुकूम काढून हिंदी चलन आपल्या राज्यांत कायदेशीर नाहीं असें ठरविलें, तसेंच मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. दिल्लीनें ह्यांत कराराचा भंग पाहिला. पण दिल्ली व हैदराबाद ह्यांच्या वादापलीकडेही एक गोष्ट होती. ज्याचें लेकीचें घर नदीपलीकडे, ज्याचें शेत एका राज्यांत व बाजार दुसऱ्या राज्यांत, त्याच्या गांठीचा रुपया कायद्याच्या एका ओळीनें परका झाला होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा हैदराबाद राज्यांत शिरल्या व १७ सप्टेंबरला निजामानें शरणागती पत्करली. नाण्याचें विलीनीकरण मात्र राज्यापेक्षां सावकाश झालें. १९५० नंतरही कांहीं वर्षें हाली सिक्का हिंदी रुपयाच्या शेजारीं चालत राहिला, आणि मगच तो व्यवहारांतून गेला.

आज गोदावरी ओलांडतांना खिशाचा विचार करावा लागत नाहीं. ही सोय किती नवी आहे, ह्याचा आपणांस विसर पडला आहे. मात्र परदेशीं निघालेल्या मुलामुलींना डॉलर घेतांना तेच जुने प्रश्न पडतात: केव्हां, कोठें व किती? विक्रीचा दर आणि खरेदीचा दर ह्यांतील अंतर हें जुन्या बट्ट्याचेंच नवें नांव होय. आमच्या मतें ह्या इतिहासापासून घ्यावयाचा बोध साधा आहे. मूळ दर स्वतः काढावा, शेवटच्या घटकेपर्यंत थांबूं नये, आणि लागेल तेवढेंच घ्यावें. बट्टा सर्वांनाच द्यावा लागतो. परंतु तो सर्वांत अधिक देतो तो हिशेब न येणारा. पैठणच्या वाटेवर हें जितकें खरें होतें, तितकेंच तें आजही खरें आहे.