पालघरचं एक लाइक : आपल्याला कोण कोण बघतंय?

आजचा विषय मला सातिवलीत सापडला. वसई पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये चहाची एक टपरी आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे दहाजण उभे असले, तर दहाही माना मोबाइलमध्ये. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "मी सगळं इन्कॉग्निटोत बघतो. कोणाला कळत नाही."

हा 'कोणाला' म्हणजे नक्की कोण, असं मनात आलं. गल्लीतले लोक? पोलीस? की ज्याचं ॲप आहे ती कंपनी? या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. वसई रोडहून डहाणूच्या गाडीत बसायचं. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, आणि मग पालघर.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंत्यसंस्कार होते आणि मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. जमाव जमला. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली, आणि सोमवारी प्रत्येकी १५ हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या. एकीने निदान चार ओळी लिहिल्या होत्या. दुसरीने फक्त बटण दाबलं होतं!

गुन्ह्यात लावलेलं एक कलम होतं ६६अ, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं हा गुन्हा. पण त्रासदायक म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. पालघरची बातमी वाचून श्रेया सिंघल ही विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या दोघींवरचा खटला पुढे बंद झाला, आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण ही झाली एका नजरेची गोष्ट, म्हणजे गल्लीतल्या आणि चौकीतल्या नजरेची. त्या लाइककडे आणखी एक नजर होती. तिने तोडफोड केली नाही की अटक केली नाही. तिने फक्त नोंद करून ठेवली.

ही नोंद कशी सुरू झाली, ते बघू. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली नावाच्या प्रोग्रामरने 'कुकी' तयार केली. वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ही छोटीशी चिठ्ठी. पुढच्या वेळी आलात की ओळख पटते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या साइटवर पहिल्या बॅनर जाहिराती आल्या. पुढे या दोघांची सोयरीक जुळली. जाहिरात कंपन्या स्वतःची चिठ्ठी शेकडो साइटवर ठेवू लागल्या, आणि एकच माणूस कुठे कुठे फिरतो ते त्यांना दिसायला लागलं.

फेसबुकचं लाइक बटण फेब्रुवारी २००९ चं. एप्रिल २०१० मध्ये ते बाहेरच्या वेबसाइटवरही बसलं, बातमीखाली, पाककृतीखाली, सगळीकडे. आता गंमत बघा. ते बटण दाबायचीही गरज नव्हती. पान उघडलं, की बटणाचं चित्र फेसबुकच्या सर्व्हरवरून यायचं, आणि त्याबरोबर तुम्ही कुठलं पान उघडलंत ही खबर तिकडे जायची. २०१३ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ५८ हजारांहून जास्त लोकांची लाइक तपासली. निव्वळ लाइकवरून माणसाचा धर्म, राजकीय कल, अगदी लैंगिक ओढसुद्धा बऱ्यापैकी अचूक ओळखता येते, असं त्यांना आढळलं.

तुम्ही म्हणाल, जाहिराती तर पेपरातही असायच्याच की. असायच्या. पण वाचनालयात कोणी कुठल्या पानावर किती वेळ रेंगाळलं, हे साबणाच्या जाहिरातीला कळत नव्हतं. आज मेटाच्या उत्पन्नातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग जाहिरातींचा आहे. त्यामुळे तुम्ही कुठे रेंगाळता, हे कळण्यावरच तो धंदा उभा आहे.

लोकांनी पळवाटाही शोधल्या. २०१९ च्या सुमारास 'निटर' आलं. ट्विटरच्या सार्वजनिक पोस्ट ते मधल्या सर्व्हरमार्फत दाखवायचं. जाहिरात नाही, खातं नाही, पाळत नाही. मग २०२३ च्या जूनअखेरीस ट्विटरने लॉगिनशिवाय वाचणंच अडवलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला निटरचे बहुतेक सर्व्हर ठप्प झाले. नाव न सांगता नुसतं वाचणं, यावरच घाव पडला.

आणि आपलं इन्कॉग्निटो? त्याने इतिहास तुमच्या फोनमध्ये राहत नाही, इतकंच. घरातल्याने फोन हातात घेतला तर त्याला दिसणार नाही. साइटला मात्र दिसतं. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

मग करायचं काय? साध्या तीन गोष्टी. ॲपऐवजी ब्राउझरमधून बघा. ॲपला फोनमधलं जास्त काही मिळतं. फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका. बऱ्याच जाहिराती आणि माग काढणारे कोड तिथेच अडतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग जाहिराती, तिथे ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करता येतो. एवढं करूनही लॉगिन केलंत, तर ती कंपनी तुम्हाला ओळखणारच. पण माग पुष्कळ कमी होतो.

जाता जाता एक योगायोग. २०१२ सालीच, ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला.

म्हणजे पालघरच्या त्या मैत्रिणीला पोलिसांपासून वाचवणारा निकाल अडीच वर्षांत आला. दुसऱ्या नजरेसाठीचा कायदा यायला जवळजवळ अकरा वर्षं लागली, आणि त्यातही सरकारला बरीच सूट आहे. टपरीवरच्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्याने चहा संपवला आणि विचारलं, "ते ॲडव्हर्टायझिंगचं कुठे असतं म्हणालात? दाखवा ना."

दाखवलं. तुम्हीही कोणाला तरी दाखवा. भेटू पुढच्या भागात.